उपनिषदांतले पाच विद्यार्थी आणि आपल्या मुलांच्या हातातला मोबाईल



गेल्या वर्षी पालक सभेत एका वडिलांनी मला सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, सगळे धडे यूट्यूबवर आहेत. गणितं समजावून सांगणारे व्हिडिओ आहेत. आता तर मोबाईलला तोंडी विचारलं तरी तो मराठीत उत्तर देतो. मग पोराला शाळेत नेमकं कशासाठी पाठवायचं?"

मी डी.एड. करून प्राथमिक शाळेत लागले, त्याला आता बारा वर्षं होतील. तरीही त्या दिवशी मी जे उत्तर दिलं ते अगदी छापील होतं. "शाळेत संस्कार होतात, मुलाचा सर्वांगीण विकास होतो," वगैरे. पालकांनी माना डोलावल्या. पण घरी येताना माझंच उत्तर मला पटत नव्हतं. कारण खरं सांगायचं तर मीही कितीतरी वेळा वर्गातला स्मार्ट टीव्ही लावून, व्हिडिओ दाखवून घटक 'पूर्ण' केला आहे. माझ्याऐवजी व्हिडिओच शिकवणार असेल तर त्या वडिलांचं काय चुकलं?

या प्रश्नाचं उत्तर मला अनपेक्षित जागी सापडायला लागलं. परिपाठासाठी बोधकथा हव्या होत्या म्हणून मी उपनिषदांतल्या गोष्टींचं एक साधं मराठी पुस्तक वाचत होते. वाचता वाचता लक्षात आलं, की या बहुतेक गोष्टी शिकण्या-शिकवण्याच्याच आहेत. कुणी मुलगा प्रश्न विचारतोय, कुणी वडील शिकवतायत, कुणी गुरू मुद्दाम उत्तर देत नाहीये. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाचं नावच 'शिक्षावल्ली' आहे!

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. इथे अध्यात्म म्हणजे पूजा, उपवास किंवा कुठला एक धर्म असं मला म्हणायचं नाही. माझ्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत. अध्यात्म म्हणजे 'शिकणारा मी कोण, आणि शिकून माझ्या आत काय बदललं?' हा प्रश्न. एवढ्याच अर्थाने आपण त्या जुन्या गोष्टींतले पाच विद्यार्थी आज आपल्या वर्गात आणून बसवूया.

१) नारद : सगळं येतं, तरी समाधान नाही

छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातात. सनत्कुमार म्हणतात, आधी तुला काय काय येतं ते सांग, पुढचं मी सांगतो. (बघा, शिकवण्याआधी पूर्वज्ञान तपासणं आपल्याला डी.एड.ला शिकवलं, पण ती पद्धत किती जुनी आहे!) नारद यादीच सांगतात. चारही वेद, इतिहास-पुराणं, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या आणि आणखी बरंच काही. आणि मग प्रामाणिकपणे कबूल करतात, की मला हे सगळे शब्द येतात, पण मी स्वतःला ओळखत नाही आणि माझं दुःख काही गेलेलं नाही. सनत्कुमार सांगतात, तुला येतं ते सगळं फक्त 'नाम' आहे. आणि तिथून ते नारदाला एकेक पायरी वर नेतात.

आज नारदाची ती सगळी यादी खिशातल्या मोबाईलमध्ये मावते. आपल्या चौथीच्या मुलालाही राजधान्या, ग्रह, प्राण्यांची इंग्रजी नावं धडाधड सांगता येतात. पाहुणे आले की आपण ती वदवूनही घेतो. पण ही सगळी 'नामं' आहेत. माहिती वाईट नाही. नारदालाही कुणी 'विसर ते सगळं' म्हटलं नाही. फक्त तिथेच थांबू नकोस, एवढंच सांगितलं.

तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्या घरात संगणक येण्याच्या कितीतरी आधी, एक प्रश्न आपल्या भाषणांत वारंवार मांडला होता. साठवणं, आठवणं, हिशेब करणं, ही मेंदूची कामं जर यंत्र करू लागलं, तर माणसाच्या मनाचं काय होणार? एक तर ते करमणुकीत बुडून जाईल, नाही तर स्वतःच्या आत बघायला लागेल. आज हा प्रश्न भाषणातला राहिलेला नाही. तो आपल्या ओट्यावर, जेवणाच्या ताटापाशी येऊन बसला आहे.

२) भृगू : ज्याला वडिलांनी तयार उत्तर दिलं नाही

माझी सगळ्यात आवडती गोष्ट ही. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या वडिलांना, वरुणाला, विचारतो, "ब्रह्म म्हणजे काय ते मला शिकवा." वडील उत्तर देत नाहीत. फक्त एक खूण सांगतात, की ज्यातून सगळे जीव जन्मतात, ज्याच्यावर जगतात आणि शेवटी ज्यात परत जातात, ते शोध. भृगू जातो, तप करतो आणि परत येऊन सांगतो, ते 'अन्न' आहे. वडील त्याला चूक म्हणत नाहीत आणि बरोबरही म्हणत नाहीत. पुन्हा तप कर, म्हणतात. मग भृगूला कळतं 'प्राण', मग 'मन', मग 'विज्ञान' आणि शेवटी 'आनंद'.

वडिलांना उत्तर माहीत होतं. ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग ते वडिलांचं उत्तर झालं असतं. प्रत्येक वेळी परत पाठवल्यामुळे ते भृगूचं झालं.

आता आपलं बघूया. मुलाने विचारलं, "आई, आकाश निळं का असतं?" आपण काय करतो? मोबाईल काढतो, विचारतो आणि तीस सेकंदांत उत्तर वाचून दाखवतो. मूल 'हो का' म्हणतं आणि खेळायला जातं. प्रश्न मिटला. प्रश्न सुटला असं मात्र म्हणता येत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकात धड्याखाली 'स्वाध्याय' असतो. रोजचा शब्द आहे, म्हणून आपलं लक्ष जात नाही. पण हा शब्द उपनिषदांतला आहे. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो निरोप देतात, त्यात खरं बोल, धर्माने वाग, याच्याबरोबरच स्वाध्यायात हयगय करू नकोस असंही आहे. आणि आज आपण मोबाईलवर काय शोधतो? 'इयत्ता चौथी स्वाध्याय उत्तरे'! उत्तरं दुसऱ्याची उतरवायची आणि नाव मात्र स्वाध्याय.

जुन्या परंपरेत शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : श्रवण, मनन आणि निदिध्यासन. ऐकणं, त्यावर स्वतः विचार करणं आणि ते अंगी मुरेपर्यंत त्याचा ध्यास घेणं. मोबाईल पहिली पायरी फार छान करतो, माझ्यापेक्षाही छान. माझा आवाज बसतो, त्याचा बसत नाही. पण दुसरी आणि तिसरी पायरी तो मुलाच्या वतीने चढू शकत नाही. तिथे मुलाला वेळ द्यायला आणि 'पुन्हा बघ बरं' म्हणायला वरुणासारखं कुणीतरी समोर लागतं.

३) श्वेतकेतू : ज्याने फळ फोडून पाहिलं

श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळं शिकून परत आला. चांगलाच ताठा घेऊन आला. वडील उद्दालक आरुणी त्याला रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली, पण वेगळ्या पद्धतीने. वडाचं फळ आण, म्हणाले. फोड. आत काय दिसतं? बारीक बिया. त्यातली एक बी फोड. आता काय दिसतं? काहीच नाही. मग ते म्हणाले, हे जे तुला दिसत नाही, त्यातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. पुढे मीठ पाण्यात टाकायला लावलं, दुसऱ्या दिवशी वरून, मधून, खालून चव घ्यायला लावली. म्हणजे शिकवायचं होतं डोळ्यांना न दिसणारं, आणि साधनं होती फळ, मीठ, पाणी, हात आणि जीभ.

ही गोष्ट वाचली आणि मला माझीच लाज वाटली. 'बीपासून झाड' हा भाग मी तीन मिनिटांच्या ॲनिमेशनवर उरकला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आठवड्याने विचारलं तर मुलांना आठवत होतं ते त्यातलं गाणं.

मग एक दिवस मुलांना घेऊन शाळेमागच्या वडाखाली गेले. फळं वेचली, फोडली. मला वाटलं होतं, मुलं बिया बघतील आणि मी उद्दालकासारखं काहीतरी मोठं बोलेन. झालं भलतंच! एक मुलगी ओरडली, "मॅडम, यात किडे हायेत!" सगळ्यांनी भराभर फळं फोडली. बऱ्याच फळांत इवलेसे किडे. मग दुसऱ्याने विचारलं, "पण फळाला भोक तर नाही. मग किडे आत गेले कसे?"

मला उत्तर येत नव्हतं. मी तसं सांगितलं. पूर्वी मी लगेच मोबाईल काढला असता. त्या दिवशी म्हटलं, "तुम्हीच शोधा. उद्या सांगा." दोन दिवस वर्गात दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणालं, किडे आतच जन्मतात. कुणी म्हणालं, फूल असताना आत शिरतात. "पण वडाला फूल कुणी बघितलंय?" पुन्हा शांतता. तिसऱ्या दिवशी एकाने फळाच्या टोकाला असलेलं बारीक तोंड शोधून काढलं. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन आम्ही ते मोठं करून पाहिलं.

मग मी स्मार्ट टीव्ही लावला. वडाचं फळ म्हणजे आतल्या बाजूला फुलं असलेली जणू बंद पिशवीच असते. त्या बारीक तोंडातून चिमुकली माशी आत शिरते, तिच्यामुळे आतल्या फुलांचं परागण होतं आणि तिथेच ती अंडी घालते. हे सगळं मुलांनी पडद्यावर पाहिलं. वर्गात इतकी शांतता मी क्वचितच अनुभवली आहे. व्हिडिओ त्याच प्रकारचा होता, टीव्हीही तोच. फरक एवढाच, की या वेळी उत्तराच्या आधी प्रश्न आला होता आणि तो मुलांचा स्वतःचा होता.

श्वेतकेतूची आणखी एक गोष्ट पालकांसाठी. उद्दालकाने त्याला पंधरा दिवस जेवू दिलं नाही, फक्त पाणी. मग म्हणाले, आता वेद म्हणून दाखव. श्वेतकेतूला काही आठवेना. जेव, म्हणाले. जेवल्यावर सगळं आठवलं. मन शरीरावर उभं आहे, हे वडिलांनी अनुभवाने पटवलं. आता रात्री अकरापर्यंत मोबाईल बघून, झोप अर्धी ठेवून सकाळी वर्गात जांभया देणारं मूल आठवा. त्याला 'लक्ष दे, लक्ष दे' म्हणून काय उपयोग? भृगूलाही पहिली पायरी सापडली ती अन्नाचीच. तैत्तिरीयातल्या याच पाच कोशांचा विचार २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही घेतलेला आहे. शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद. पडदा यातल्या मनाला पटकन पकडतो, पण पळणं, दमणं, भूक लागणं आणि गाढ झोपणं मुलाचं मुलालाच करावं लागतं.

४) नचिकेता : ज्याने खेळणी परत केली

कठोपनिषदातला नचिकेता तर मुलगाच आहे. तो यमाच्या दारात तीन दिवस उपाशी राहतो आणि मग मरणानंतर काय, हा प्रश्न विचारतो. यम आधी उत्तर टाळतो. त्याऐवजी हत्ती, घोडे, सोनं, राज्य, दीर्घ आयुष्य, गाणं-बजावणं, हवं ते माग म्हणतो. नचिकेता ते नाकारतो आणि आपल्या प्रश्नावर ठाम राहतो. मग यम त्याला दोन वाटा सांगतो : 'प्रेय', म्हणजे आत्ता गोड वाटणारं, आणि 'श्रेय', म्हणजे शेवटी भलं करणारं. दोन्ही माणसासमोर येतात. निवडायचं त्याने असतं.

पालकहो, रील बनवणाऱ्यांना आणि खेळांची ॲप बनवणाऱ्यांना 'प्रेय' आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं, ते उगाच नाही. बोटाला थांबायला जागाच ठेवलेली नसते. त्याच उपनिषदात रथाची उपमा आहे. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. दर मिनिटाला टिंग वाजणारा मोबाईल घोड्यांसमोर एकेक गवताची पेंढी टाकतो. सारथी आठ वर्षांचा असेल तर त्याने लगाम कसा आवरायचा?

आणि सारथी पस्तीस वर्षांचा असला तरी काय दिवे लावतो, हे मी स्वतःवरून सांगते. एकदा माझा मुलगा मला चित्र दाखवायला आला. मी शाळेच्या ग्रुपवर माहिती भरत होते. "छान आहे," म्हटलं, वर न बघता. तो म्हणाला, "आई, तू बघितलंच नाहीस." मुलांचा स्क्रीन टाईम आपण मोजतो, आपला कोण मोजणार? नचिकेत्याला संयम शिकवायचा तर आधी घरातल्या मोठ्यांनी तो दाखवावा लागेल.

५) सत्यकाम : ज्याने आईबद्दल खरं सांगितलं

शेवटची गोष्ट सांगते, आणि हीच मला सगळ्यात जास्त लागली.

जबालेचा मुलगा सत्यकाम. त्याला शिकायचं होतं. गुरूने कुळ विचारलं तर काय सांगू, असं त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, मी अनेक ठिकाणी कामं करत फिरले, तुझं कुळ मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तू सत्यकाम, तेवढंच सांग. त्याने गुरू गौतमांना जसंच्या तसं सांगितलं. खोटं कुळ सांगणं सोपं होतं. गौतमांनी त्या खरेपणावरच त्याला शिष्य करून घेतलं.

आता माझ्या वर्गातलं. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीजवळ राहतात. जानेवारीत मी 'माझी आई' हा निबंध दिला. एका मुलीचा निबंध फारच सुंदर आला. आई रोज पहाटे प्रेमाने उठवते, डबा भरते, संध्याकाळी अभ्यास घेते, झोपताना गोष्ट सांगते. शुद्धलेखनाची एक चूक नाही. मी 'छान' असा शेरा मारायला पेन टेकवलं आणि थांबले. या मुलीची आई तीन महिन्यांपासून उसाच्या फडात होती.

तिला जवळ बोलावलं. रागावले नाही. विचारलं, "ही तुझीच आई आहे का गं?" ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "दादानं मोबाईलला सांगून लिहून दिला. माझी आई अशी नाही करत. मग मी काय लिहू?"

'मग मी काय लिहू.' बघा, मोबाईलने तिला निबंध दिला, पण तिची आई तिच्याकडून काढून घेतली आणि सगळ्यांची असते तशी एक आई तिथे ठेवली. आणि त्यात मोबाईलचाच दोष आहे का? आपण वर्षानुवर्षं फळ्यावर हाच निबंध लिहून देत आलो आहोत. खऱ्या आईला त्यात जागा आहे, असं या मुलीला वाटलंच नाही, यात माझाही वाटा आहे.

मी विचारलं, "आईशी बोलतेस का?" म्हणाली, "रोज संध्याकाळी फोन येतो. कधीकधी व्हिडिओ पण." म्हटलं, "मग आज आईलाच विचार. तू किती वाजता उठतेस, तिथे काय खातेस, दमल्यावर काय करतेस. आणि ते लिही."

दोन दिवसांनी तिने पाऊण पान लिहून आणलं. आई अंधारात उठते. कोयत्याला धार लावते. तिच्या हाताला पानं कापतात. फोनवर आधी 'जेवलीस का' विचारते, मग आजीला द्यायला सांगते. मला बघून हसते आणि मग लगेच फोन ठेवते, म्हणून मला वाटतं ती नंतर रडते. र्‍हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. मी एकही लाल खूण केली नाही.

बघा, मोबाईल तोच होता. एकदा त्याने तिच्या वतीने खोटं लिहिलं आणि एकदा तिला आईपर्यंत पोचवलं. मला वाटतं, तंत्रज्ञानाबद्दल अध्यात्माला जे म्हणायचं आहे ते सगळं या दोन निबंधांत आलं. साधन आपल्याला सत्याच्या जवळ नेतंय की सत्याच्या जागी दुसरंच काही बसवतंय, एवढं पाहायचं.

तंत्रज्ञानाचं ऋणही मानायला हवं

नाहीतर कुणाला वाटेल, या बाई मोबाईल बंद करून मुलांना गुरुकुलात पाठवा म्हणतायत! तसं अजिबात नाही. जुन्या काळी ज्ञानाची दारं फार थोड्यांना उघडी होती, हे विसरून चालणार नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ती दारं एकेक करून उघडली. ज्ञान सगळ्यांपर्यंत पोचवणं हेही आध्यात्मिक कामच आहे. त्या अर्थाने पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून वाडीवरचं मूल चांगला पाठ ऐकतं, डोळ्यांनी न दिसणारा मुलगा मोबाईलकडून पुस्तक वाचून घेतो, तेव्हा ते त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद असताना तुटका-मुटका का होईना, मुलांशी धागा राहिला तो याच साधनांमुळे. पण ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता ती मुलं किती मागे राहिली, हेही आपण डोळ्यांनी पाहिलं.

आपले विनोबा विज्ञानाचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांचं म्हणणं होतं, की विज्ञान आणि अध्यात्म दोन्ही हवीत. विज्ञान गती देतं, अध्यात्म दिशा दाखवतं. नुसती दिशा कळून पाय हलले नाहीत तर आपण पोचत नाही, आणि दिशा न कळता नुसती गती असेल तर आदळतो. वर्गातल्या स्मार्ट टीव्हीला हे जसंच्या तसं लागू पडतं.

मग उद्यापासून काय करता येईल?

मी जे करून पाहिलं तेवढंच सांगते.

१. आधी प्रश्न, मग हात, शेवटी पडदा. हा क्रम मी सहसा मोडत नाही. व्हिडिओ लावण्याआधी मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून घेते.

२. 'भृगूचा फळा'. वर्गाच्या कोपऱ्यात एक छोटा फळा. मुलांनी विचारलेला एक प्रश्न त्यावर आठवडाभर राहतो. शुक्रवारपर्यंत मोबाईलला विचारायचं नाही. आजीला, शेजाऱ्याला, झाडाला, पुस्तकाला विचारा. शनिवारी सगळे मिळून मोबाईलचं उत्तर बघतो आणि आपल्या उत्तराशी ताडून पाहतो. मोबाईलचं उत्तर चुकलेलंही सापडतं, तेव्हा मुलांना फार आनंद होतो!

३. व्हिडिओ संपल्यावर दोन मिनिटं काहीच नाही. डोळे मिटून फक्त आठवायचं. मग शेजारच्याला सांगायचं. हेच आपलं छोटंसं मनन.

४. निबंधाचा विषय असा द्यायचा, की उत्तर मुलाच्याच घरात असेल. 'आमच्या घरातला सकाळचा पहिला आवाज' हा विषय देऊन बघा. यंत्राला तो ऐकू गेलेलाच नसतो.

५. पालकांसाठी : जेवताना आणि झोपायच्या आधी तासभर घरातले सगळे मोबाईल एका टोपलीत. सगळे म्हणजे आपलेही. आणि मुलाने प्रश्न विचारला तर एकदा तरी म्हणा, "तुला काय वाटतं?"

सुरुवातीला मुलं कुरकुरतात. पालकही म्हणतात, अभ्यासक्रम मागे पडेल. माझा थोडा मागे पडलाही. पण वडाच्या फळाचा धडा मुलांना अजून आठवतो आणि त्यातली काही मुलं अजूनही वाटेत दिसेल ते फळ फोडून बघतात. (त्याबद्दल एका आजोबांची तक्रारही आली होती!)

या वर्षीच्या पालक सभेला ते वडील पुन्हा आले होते. सभा संपल्यावर मीच त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. उत्तरं मोबाईलमध्ये आहेत, तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या मुलाला पडलेला प्रश्न मोबाईलमध्ये नाही. तो त्याला पडावा, त्याने तो चार दिवस सांभाळावा आणि चुकला तर त्याला कुणी 'पुन्हा बघ' म्हणावं, यासाठी त्याला शाळेत पाठवा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "म्हणजे मॅडम, काल तो मला विचारत होता, मुंग्यांना वाट कशी सापडते. मी म्हटलं, बघ मोबाईलवर. तसं नको होतं म्हणायला?"

मी म्हटलं, "आज घरी जाऊन दोघं मिळून मुंग्या बघा."

तुम्हीही बघा. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या घरात काय घडलं ते मला जरूर कळवा.